मुरगाव ते मोपा : एका दिवसाचे वेळापत्रक

वेळापत्रक आखणे हे मुख्याध्यापकाचे पहिले काम आणि ते मोडताना पाहणे हे दुसरे. शाळा सुरू होण्यापूर्वी मोठ्या मेहनतीने तयार केलेला तासिकांचा तक्ता पहिल्याच आठवड्यात कोणाच्या तरी रजेने किंवा एखाद्या सर्वेक्षणाच्या कामाने विस्कटतो. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला त्याची सवय झाली आहे. परंतु २०२५ च्या जानेवारीत मी जे वेळापत्रक आखले ते शाळेचे नव्हते, आणि त्यातील एकही तासिका पुढच्या आठवड्यात भरून काढण्याची सोय नव्हती. ते होते माझ्या आत्याच्या एका दिवसाचे.

आत्या बडोद्याची. म्हणजे सासर बडोद्याचे. माहेर मात्र आमचे मोपा, तालुका पेडणे, गोव्याच्या अगदी उत्तर टोकाचे. १९६६ साली तिचे लग्न झाले तेव्हा पणजीपाशी मांडवीवर पूल नव्हता. बेतीहून फेरीबोटीने नदी ओलांडायची आणि पणजीच्या धक्क्यावर मुंबईची आगबोट गाठायची. ती तशीच गेली. नंतर काही वर्षे येणेजाणे झाले, पुढे संसार वाढला, मग गुडघे धरले, आणि गेली अठरा वर्षे तिने माहेरचा उंबरठा पाहिला नव्हता. आगगाडीचा धक्का तिला सोसत नाही. विमानाचे नाव काढले की, "पाय टेकायला जागा नाही तिथे मी बसणार नाही," एवढेच तिचे उत्तर. अशा स्थितीत तिच्या मुलाने आपल्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसानिमित्त मुंबईहून निघणाऱ्या पर्यटकजहाजाची तिकिटे काढली. हल्ली याला क्रूझ म्हणतात. जहाजात उद्वाहक आहे, खोलीला लागून न्हाणीघर आहे, आणि वाटेत एक दिवस ते मुरगाव बंदरात थांबणार आहे, असे समजल्यावर आत्या एका पायावर तयार झाली. तो एक पायही दुखराच, ही गोष्ट निराळी.

आमची आई त्या वेळी चौऱ्याऐंशी वर्षांची होती, आत्या एकोणऐंशीची. नणंद-भावजय असे नाते असले तरी दोघी वाढल्या मैत्रिणींसारख्या. आई या घरात आली तेव्हा आत्या सतरा वर्षांची होती. चार वर्षे दोघींनी सड्याच्या पायथ्याच्या झऱ्यावरून बरोबरीने कळशा वाहिल्या. दोन वर्षांपूर्वी आई पडली, खुब्याचे हाड मोडले, आणि तेव्हापासून ती अंथरुणाला खिळली आहे. तिला बंदरापर्यंत आणणे शक्य नव्हते. तेव्हा भेट व्हायची तर आत्यानेच मोप्याला यायला हवे होते. आणि तिच्यापाशी होते जहाज धक्क्याला लागल्यापासून सुटेपर्यंतचे काही तास.

"बंदर" या शब्दाचा अर्थ आपल्या डोळ्यांदेखत कसा बदलला, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आले. वडील जुन्या आगबोटीच्या गोष्टी सांगत. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत ती दक्षिणेस येई. बहुतेक ठिकाणी ती खोल पाण्यात उभी राही, किनाऱ्यावरून होड्या येत, आणि बोचकी, पोरे, कोंबड्यांची खुराडी यांच्यासह उतारू त्या होड्यांत उतरत. बंदरात उतरणारा माणूस घरी आलेला असे. त्याला तेथे काय पाहायचे, हा प्रश्न कधी पडत नसे. १९८० च्या दशकाअखेरीस ती प्रवासी वाहतूक बंद पडली. आजच्या पर्यटकजहाजाचा प्रवासी उतरतो तो परत चढण्यासाठी. त्याची खोली, कपडे आणि रात्रीचे जेवण जहाजावरच असते. त्याला लागते ती किनाऱ्यावरची सहल, आणि ती आखावी लागते. आपले अनेक वाचक बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद अशा ठिकाणी पिढ्यान् पिढ्या राहिलेले आहेत. त्यांतील कित्येकांची कुलदैवते गोव्यात आहेत. त्यांच्यापैकी कोणी उद्या असे जहाज पकडले तर आमचा अनुभव उपयोगी पडेल, म्हणून तो विस्ताराने लिहीत आहे.

प्रथम भूगोल. मुरगाव बंदर जुवारी नदीच्या मुखाशी, दक्षिण तीरावर, वास्को शहराच्या टोकाला आहे. तेथून गोव्याची तीन वर्तुळे कल्पावीत. पहिले अर्ध्या तासाचे : वास्को शहर आणि बोगमाळ्याचा किनारा. दुसरे तासाभराचे : पणजी, जुने गोवे, आणि फोंडा तालुक्यातील मंगेशी, म्हार्दोळ, कवळे ही देवस्थाने. तिसरे दोन तासांचे : उत्तरेस पेडणे, ईशान्येस डिचोली. ज्यांच्यापाशी आठ तास आहेत त्यांनी दुसऱ्या वर्तुळाबाहेर पाऊल टाकू नये, असा माझा सर्वसाधारण सल्ला आहे. तो मी स्वतः पाळला नाही, त्याचे कारण वर आलेच आहे.

या दुसऱ्या वर्तुळाविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. जहाजावरून उतरून फोंड्याकडे निघालेला यात्रेकरू, नकळत, देवांच्याच वाटेने जात असतो. मंगेशाचे मूळ स्थान मुरगावहून जाताना लागणाऱ्या कुठ्ठाळीस होते, शांतादुर्गेचे जवळच्या केळशीस, म्हाळसेचे वेर्ण्यास. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडण्यास आरंभ केला तेव्हा भक्तांनी लिंगे आणि मूर्ती उचलून नदीपलीकडे नेल्या. फोंडा महाल त्या काळी पोर्तुगिजांच्या हाती नव्हता. आज आपण वातानुकूलित गाडीतून तासाभरात जे अंतर कापतो, ते त्या माणसांनी जिवाच्या भीतीने कापले. सहलीच्या गडबडीतही कुठ्ठाळी आली की मुलांना एवढे सांगावे. आमचे पेडणे, तसेच डिचोली आणि सत्तरी, हे महाल पोर्तुगिजांकडे गेले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. म्हणून त्यांना "नव्या काबिजादी" म्हणतात, आणि म्हणूनच आमच्याकडचे पुष्कळसे ग्रामदेव आपापल्या जागी राहिले.

आता गणित. शाळेत आपण सकाळच्या प्रार्थनेपासून तास मोजतो. बंदरातील दिवस मात्र शेवटाकडून मोजावा लागतो. जहाज सुटण्याची वेळ आणि प्रवाशांनी जहाजावर परत येण्याची वेळ या दोन निराळ्या वेळा आहेत, आणि आपल्याला बांधते ती दुसरी. आमच्या बाबतीत जहाज संध्याकाळी सहाला सुटणार होते, परतीची वेळ पाचची होती. पाचला जहाजावर, म्हणून साडेचारला बंदराच्या फाटकाशी. मोप्याहून फाटकापर्यंत साठ-पासष्ट किलोमीटर, म्हणजे दोन तास, त्यात वाहतुकीसाठी पाव तास अधिक. तेव्हा काहीही झाले तरी मोप्याहून सव्वादोनला निघायलाच हवे. ही ओळ मी लाल शाईने लिहिली. मग उरलेले वरून भरले : जहाज आठला, फाटकाबाहेर नऊला, मंगेशीस दर्शन, सव्वाबाराला मोपा, जेवण, आणि दोघी म्हाताऱ्यांना निवांत दोन तास.

दुसरा प्रश्न वाहनाचा. जहाजाची कंपनी स्वतःच्या सहली ठेवते. त्या महाग पडतात, गर्दीच्या असतात आणि ठरावीक ठिकाणीच नेतात. परंतु त्यांचा एक मोठा गुण आहे : त्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज सहसा तिच्यासाठी थांबते. आपण खाजगी गाडी करून गेलो तर जहाज आपल्यासाठी थांबत नाही. पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे लागते. मोप्याला कंपनीची बस जाणार नव्हती हे उघड होते. तेव्हा गावातलाच एक टॅक्सीवाला ठरवला आणि बंदराच्या फाटकाबाहेर उभा केला. बंदराचे आवार हे बंदिस्त क्षेत्र असते, खाजगी गाडी जहाजापाशी नेता येईल असे गृहीत धरू नये. आतेभाऊ आणि त्याच्या पत्नीने मात्र ऐन वेळी सोय असावी म्हणून कंपनीच्या मंगेशी आणि जुने गोवे या सहलीत आपली नावे घालून ठेवली होती. हा त्यांचा शहाणपणा पुढे कामास आला.

ठरल्या दिवशी मी साडेसातलाच फाटकाशी जाऊन उभा राहिलो. आठ वाजले, नऊ वाजले. जहाज मुंबईहूनच उशिरा निघाले होते. साडेनऊला ते दिसू लागले : पांढरे, अनेक मजली, एखादी वसाहत पाण्यावरून चालत यावी तसे. ते धक्क्याला लागून शिडी उघडायला पावणेअकरा झाले. ओळखपत्रे, तपासणी आणि फाटकापर्यंतची बस असे सोपस्कार होऊन आत्या माझ्यापुढे उभी राहिली तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती. सुटण्याची वेळ मात्र बदललेली नव्हती. जहाजाचा उशीर हा नेहमी प्रवाशाच्या वाट्यातून वजा होतो, हे मला त्या दिवशी कळले.

मी वही काढली. मंगेशीस गेलो तर मोपा जमत नव्हते. मोप्याला गेलो तर मंगेशी जमत नव्हते. मंगेश हे आत्याच्या सासरचे कुलदैवत. मुलाच्या लग्नाच्या वाढदिवशी ओटी भरायची, असा तिचा नवस होता, आणि नारळ-खण तिने बडोद्याहून बांधून आणला होता. मला बोलवेना. मी वहीतले आकडेच तिला दाखवले. तिने चष्मा लावून ते पाहिले, पिशवीतून ओटी काढून सुनेच्या हातात दिली आणि म्हणाली, "तुम्ही दोघे बसने जा. देव चारशे वर्षे तिथे बसला आहे, तो मला ओळखतो. वहिनी किती दिवस ओळखेल ते मला माहीत नाही." मग माझ्याकडे वळून, "चल रे बाबा, उशीर नको."

अशा रीतीने कुटुंबाचे दोन भाग झाले. मुलगा आणि सून कंपनीच्या बसने मंगेशीला. आत्या आणि तिची वीस वर्षांची नात आमच्याबरोबर मोप्याला. सर्वांनी सर्वत्र एकत्रच जावे हा आपल्या कुटुंबांचा आग्रह असतो. बंदराच्या दिवशी तो सोडावा, एवढे या प्रसंगाने शिकवले.

वाटेत आत्या खिडकीला डोळे लावून होती. जुवारीवरचा नवा तारांचा पूल आला तेव्हा तिने नातीला सांगितले की इथेही फेरीबोटच होती. मांडवीवरील अटल सेतूवरून जाताना पणजीचा धक्का कोठे, तो तिला दाखवायला मी उजवा-डावा हात करीत होतो, तो गाडी पलीकडे उतरली. पर्वरीला उंच रस्त्याचे काम चालू होते. तेथे वीस मिनिटे गाडी मुंगीच्या पावलाने सरकली आणि माझ्या हाताला घाम सुटला. आत्या शांत होती. "चुकले जहाज तर चुकले," ती म्हणाली. "वहिनीपाशी दोन दिवस राहीन, आणि तुमच्या त्या विमानतळावरून जाईन बडोद्याला." पाय टेकायला जागा नसलेल्या वाहनाविषयीचे तिचे मत पर्वरीच्या कोंडीत बदलले.

विमानतळ आमचाच खरा. मोप्याच्या सड्यावर, जेथे जांभ्या दगडावर पावसाळ्यात रानफुलांचा गालिचा पसरे आणि गुरे चरत, तेथे आज साडेतीन किलोमीटरची धावपट्टी आहे. वाद झाले, खटले झाले. २०१९ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण परवानगी स्थगित केली होती, ती स्थगिती २०२० च्या जानेवारीत उठली. ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. मनोहर पर्रीकरांचे नाव त्याला दिले आहे. गावातील तरुणांना नोकऱ्या मिळाल्या, काहींच्या काजूच्या बागा गेल्या. कोणाला काय मिळाले आणि कोणाचे काय गेले, याचा हिशेब प्रत्येक घराचा निराळा आहे. धारगळहून नव्या जोडरस्त्याला लागलो तेव्हा आत्याने एकच प्रश्न विचारला : "सडा कुठे आहे?" मी म्हणालो, "आपण सड्याकडेच चाललो आहोत." ती पुढे काही बोलली नाही.

एक वाजून पंचवीस मिनिटांनी आम्ही घरी पोचलो. सव्वादोनची लाल रेघ मी मनातल्या मनात पाच मिनिटे पुढे ढकलली. पंचावन्न मिनिटे मिळाली, म्हणजे जेमतेम दीड तासिका.

या दीड तासिकेत काय झाले, हे लिहिताना माझी पंचाईत होते. कारण सांगण्यासारखे फारसे झाले नाही. आईने "आलीस, बाय?" असे विचारले, जणू आत्या झऱ्यावरून परतली होती. आत्या खाटेच्या कडेला बसली. तिने पेज मागितली. सौभाग्यवतीने केलेला सगळा स्वयंपाक बाजूस ठेवून तिला उकड्या तांदळाची पेज आणि करमलाचे लोणचे वाढले. दोघींनी एकमेकींचे गुडघे, डोळे, दात यांची चौकशी केली. कोण गेले, कोण आहे, यांची यादी झाली. "झऱ्याला पाणी आहे ना?" असे आत्याने विचारले. "आहे," आई म्हणाली, "पण आणायला कोण जातो? नळ आला." त्यावर दोघी खूप हसल्या. का हसल्या ते मला समजले नाही आणि मी विचारले नाही. नातीने भ्रमणध्वनीवर दोघींचे छायाचित्र काढले. आईने तिला जवळ बोलावून, तिच्या पायांतील बूट पाहून, "हिला कळशी उचलता येईल का?" असे विचारले. मध्येच एक विमान घरावरून गेले आणि दोघींचे बोलणे तेवढा वेळ थांबले. आई म्हणाली, "हे दिवसभर असेच." आत्या म्हणाली, "पूर्वी तुझ्या सासूबाई अशाच मध्ये बोलायच्या."

दोन वाजून वीस मिनिटांनी मी उठलो. शाळेत घंटा वाजवायला शिपाई असतो, येथे ते काम माझ्यावर आले. आईने उशीखालून कागदाची पुडी काढून आत्याच्या हातात ठेवली : हरमलच्या सुक्या मिरच्या. "बडोद्याच्या मिरचीला रंग नसतो," ती म्हणाली. पुन्हा भेटू असे दोघीही म्हणाल्या नाहीत. आत्याने उंबरठ्यावर हात टेकून तो कपाळाला लावला आणि ती गाडीत बसली.

परतीचा रस्ता मोकळा मिळाला. चार वाजून पंचवीस मिनिटांनी आम्ही फाटकाशी होतो. कंपनीची बस तेव्हा आलेली नव्हती. ती सव्वापाचला आली आणि जहाज तिच्यासाठी निमूट थांबले. सून उतरली ती प्रसादाचे ताट सांभाळीत. मंगेशीस गर्दी होती, परंतु ओटी भरली गेली होती. एक अडचण मात्र फाटकाशी उभी राहिली. बाहेरचे खाद्यपदार्थ जहाजावर नेऊ देत नाहीत, असे नातीला सहप्रवाशांकडून कळले होते. प्रसाद तेथेच सर्वांनी वाटून खाल्ला. मिरच्या मात्र खाता येण्यासारख्या नव्हत्या. आत्याने पुडी माझ्या हातात परत दिली आणि म्हणाली, "टपालाने पाठव. फेकू नको हं."

आता वाचकांसाठी चार गोष्टी. दिवस शेवटाकडून मोजा. आपल्याला सर्वांत महत्त्वाचे काय ते आदल्या दिवशीच ठरवा, आणि वेळापत्रकात ते एकटे उरले तरी चालेल असे आखा. वृद्ध माणसांची औषधे आणि सर्वांची ओळखपत्रे बरोबर घ्या. जहाज घरासारखे वाटू लागते आणि औषधाची पिशवी खोलीतच राहते. जहाजाच्या स्थानिक प्रतिनिधीचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवा, कारण भ्रमणध्वनीची विजेरी नेमकी परतीच्या वाटेवर संपते. सहल साधारण ऑक्टोबर ते मे या काळातच योजावी, पावसाळ्यात आमचा समुद्र पाहुण्यांना अनुकूल नसतो. आणि ज्यांना गोव्यात रात्रीचा मुक्काम मिळेल त्यांनी डिचोली तालुक्यातील नार्वे येथे श्रीसप्तकोटेश्वराच्या दर्शनास अवश्य जावे. कदंब राजांचे हे कुलदैवत दिवाडी बेटावरून विस्थापित झाले. १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करविला. अलीकडे पुन्हा जीर्णोद्धार होऊन २०२३ च्या फेब्रुवारीत ते भाविकांसाठी खुले झाले. त्या देवळास घाईने जाऊ नये. अर्धा दिवस हाताशी ठेवावा.

मोप्याला या, असे मात्र मी कोणास सांगत नाही. तेथे पाहण्यासारखे काही नाही. तुमचे जे मोपा असेल, तेथे जा.

मिरच्या मी दुसऱ्याच दिवशी टपालाने रवाना केल्या. सहाव्या दिवशी बडोद्याहून आत्याचा दूरध्वनी आला. पुडी पोचली होती, आणि आमटीला रंग आला होता.